उंदीर, पिसू आणि दोन पिंजरे : ज्ञान कसे वाढते याचा एक अभ्यास

ज्ञान हे धान्याप्रमाणे कोठारात साठत जाते, पायली-पायलीने वाढते आणि एकदा आत पडले की सुरक्षित राहते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. क्रमिक पुस्तके ही समजूत दृढ करतात, कारण त्यांत अखेरचे निष्कर्ष तेवढे छापलेले असतात. ते निष्कर्ष हाती येण्यापूर्वी कोणते तर्क केले गेले, त्यांतील कोणते फसले, ते फसल्याचे कोणाच्या ध्यानात आले आणि तोपर्यंत त्यांची किंमत कोणी मोजली, याचा मागमूसही तेथे नसतो. “प्लेग हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो” हे असेच एक वाक्य आहे. विद्यार्थी ते एका दमात म्हणून दाखवितो. हे वाक्य उभे राहण्यास सुमारे दहा वर्षे लागली, त्यातील निर्णायक काम मुंबईत परळ येथे झाले, आणि त्या दहा वर्षांत हिंदुस्थानात लक्षावधी माणसे दगावली. लोकांमध्ये राहून निर्णय घेणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास एकदा तपशिलाने पाहावा, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

विसाव्या शतकातील तत्त्वचिंतक कार्ल पॉपर (१९०२–१९९४) यांनी ज्ञानवृद्धीची जी मीमांसा केली, तिचा गाभा थोडक्यात असा : मनुष्यापुढे प्रथम प्रश्न उभा राहतो आणि त्याच्या उत्तरादाखल तो एक तर्क करतो. हा तर्क निरीक्षणांतून आपोआप गळून पडत नाही. तो धाडसानेच करावा लागतो. मग त्यावर टीका होते, त्याची कसोटी घेतली जाते. कसोटीत फसला तर तो टाकावा किंवा सुधारावा, टिकला तर तूर्त स्वीकारावा. अनुकूल दाखल्यांची रास कितीही मोठी झाली तरी तो कायमचा सिद्ध होत नाही; प्रतिकूल दाखला मात्र एकच पुरतो. आपल्याकडील शास्त्रग्रंथांतही पूर्वपक्ष नीट मांडून मगच उत्तरपक्षाकडे वळण्याची रीत होती, ती याच जाणिवेपोटी. तथापि ग्रंथातील वाद आणि साथीने ग्रासलेल्या गावातील वाद यांत एक मोठे अंतर आहे. ग्रंथात चुकीचा तर्क पानावर राहतो. साथीत तो हुकमाच्या रूपाने घरात शिरतो.

मांडवीतील ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात जांघेत व काखेत गाठी येऊन माणसे तापाने मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग म्हणजे ग्रंथिक सन्निपात, अर्थात प्लेग होय, असे निदान केले. या रोगाचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँग येथे अलेक्झांद्र येर्सिन यांनी शोधून काढला होता. शत्रू कोण हे ठाऊक होते. तो कोणत्या वाटेने येतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

सरकारने व नगरपालिकेने जो तर्क स्वीकारला तो असा की, जंतू घाणीत, ओलसर जमिनीत, गटारांत आणि रोग्याच्या कपड्यालत्त्यांत राहतो व तेथून माणसाच्या शरीरात जातो. त्यानुसार गटारे जंतुनाशकांनी धुण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला, जमिनी उकरण्यात आल्या, अंथरुणे जाळण्यात आली. रोग्यांना रुग्णालयात आणि त्यांच्या नातलगांना छावणीत नेण्यात आले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि या सर्व उपायांना कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात मार्च १८९७ पासून सैनिकांकडून घरांची झडती सुरू झाली. त्याच महिन्याच्या १० तारखेला, रोग्यांची सेवा करता करता लागण होऊन, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जून रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मुंबईत त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढविला होता.

हे उपाय योजणारे सर्वच अधिकारी मूर्ख होते असे मानल्यास या प्रकरणातून काहीही शिकता येणार नाही. झडतीतील दांडगाई हा वेगळा व गंभीर विषय आहे. परंतु घाणीचा तर्क हा त्या काळचा अनुभवसिद्ध तर्क होता. पटकी व विषमज्वर यांच्या बाबतीत स्वच्छ पाणी आणि गटारांची सुधारणा यांचा लाभ इंग्लंडने पाहिला होता. जो तर्क दोन रोगांत उपयोगी पडला तो तिसऱ्यात लावून पाहणे यात गैर काही नव्हते. दोष पुढे झाला. घरे धुऊन, जाळून, उकरूनही साथ हटत नव्हती; दर वर्षी थंडीच्या दिवसांत ती पुन्हा उसळत होती. उपाय फसल्याची ही उघड खूण होती. पण तिचा अर्थ “उपाय पुरेसा कडक नव्हता” असा लावण्यात आला. प्रत्येक अपयश हे आपल्याच तर्काचा पुरावा वाटू लागले की कसोटी संपते.

खेड्यांतील लोक मात्र वेगळेच काही करीत होते. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे लोक भांडीकुंडी घेऊन गाव सोडीत व माळावर झोपड्या घालून राहत. कुमाऊँ-गढवालातही हीच रीत होती. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तातही उंदीर प्रथम पीडित झाल्याची हकीकत आहे. ही रीत उपयुक्त होती. पण तिला ज्ञान म्हणावे काय, याबद्दल प्रस्तुत लेखकास शंका वाटते. उंदीर मरतो आणि मग माणूस मरतो, एवढे लोकांना दिसले होते. या दोहोंना जोडणारा दुवा कोणता हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणूनच, मेलेला उंदीर हाताने उचलणारा एक मनुष्य दगावतो आणि दुसरा ठणठणीत राहतो तो का, याचे उत्तर त्या रीतीपाशी नव्हते.

कराचीतील काचेची बरणी

हा प्रश्न ज्याने विचारला तो मनुष्य म्हणजे फ्रेंच लष्करी वैद्यक सेवेतील डॉ. पॉल-लुई सिमों. १८९७ मध्ये येर्सिन यांचे काम पुढे चालविण्यासाठी ते मुंबईस आले. एका लोकरीच्या कारखान्यातील हकीकत त्यांच्या मनात घर करून राहिली. सकाळी जमिनीवर मेलेल्या उंदरांचा खच दिसला. वीस मजुरांना ते उचलण्यास सांगितले. तीन दिवसांत त्यांपैकी दहा जणांना प्लेग झाला. उंदरांना हात न लावलेल्या इतर कामगारांपैकी कोणी आजारी पडले नाही. सिमों यांना असेही दिसले की, नुकताच मेलेला उंदीर घातक असतो, तर मरून बराच वेळ झालेला, थंड पडलेला उंदीर निरुपद्रवी ठरतो. जंतू तर दोन्ही शरीरांत असतात. मग थंड उंदरापाशी काय नसते? पिसवा नसतात. प्रेत थंड होऊ लागले की त्या नव्या आसऱ्याच्या शोधात निघतात. काही रोग्यांच्या अंगावर दंशासारखे बारीक फोड त्यांनी पाहिले होते, त्यांचाही अर्थ आता लागू लागला.

२ जून १८९८ रोजी कराचीच्या एका हॉटेलातील खोलीत त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगग्रस्त उंदीर ठेवला व मांजराच्या अंगावरून काढलेल्या पिसवा आत सोडल्या. तो उंदीर मरणासन्न झाल्यावर बरणीत दुसरा, निरोगी उंदीर जाळीच्या लहान पिंजऱ्यात घालून असा ठेवला की, त्याचा रोगी उंदराला किंवा तळाला स्पर्श होऊ नये. पिसूला मात्र जाळीतून जाता यावे. काही दिवसांत तोही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले. त्याबरोबरच त्यांनी एक उलटी कसोटी घेतली : पिसवा नसलेला रोगी उंदीर निरोगी उंदरांत सोडला. रोग पसरला नाही. या दुसऱ्या प्रयोगाचे मोल पहिल्याइतकेच आहे. आपल्या तर्कास फसण्याची पूर्ण संधी सिमों यांनी दिली होती.

खंडनही चुकू शकते

सिमों यांचा निबंध १८९८ मध्येच पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एडिंबरोचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानात प्लेग आयोग आला. आयोगाने गावोगावी फिरून साक्षी नोंदविल्या, कित्येक खंडांचा अहवाल दिला, आणि पिसवांच्या तर्काचा पुरावा इतका दुबळा आहे की त्याचा विचार करण्याचे कारण नाही, अशा आशयाचा निर्णय दिला. येथे वाचक चटकन सिमों यांच्या बाजूस जाईल. तसे करण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. प्रयोग मोजकेच होते. फोड थोड्याच रोग्यांत दिसले होते. आणि युरोपातून आलेला एक आक्षेप तर फारच वजनदार होता : लोझान येथील ब्रूनो गाल्ली-वालेरिओ यांनी दाखविले की, उंदरावरील पिसू माणसाला चावतच नाही. ती चावत नसेल तर सिमों यांचा सारा डोलारा कोसळतो.

आक्षेप प्रामाणिक होता, प्रयोगावर आधारलेला होता, आणि युरोपापुरता तो खराही होता. परंतु “उंदरावरील पिसू” ही जगभर एकच जात आहे, असे त्यात न बोलता गृहीत धरले होते. या गृहीताकडे कोणाचे लक्षच गेले नाही, कारण पिसवांच्या जाती मोजण्याचे काम कोणाला महत्त्वाचे वाटत नव्हते. ते करणारा एक मनुष्य लंडनमध्ये होता : चार्ल्स रॉथशील्ड, प्रख्यात सावकार घराण्यातला. पेढी सांभाळून उरलेल्या वेळात पिसवा गोळा करण्याचा या गृहस्थास छंद होता. (त्यांच्या पेढीत या छंदाची थट्टा झाली नसेल असे मानणे कठीण आहे.) १९०३ साली त्यांनी नाईल नदीच्या प्रदेशातील एका नव्या पिसूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पिरॅमिड बांधणाऱ्या राजाच्या नावावरून तिला ‘चिऑपिस’ हे नाव दिले.

मुंबईतील वैद्यकीय अधिकारी विल्यम ग्लेन लिस्टन यांनी येथील उंदरांवरील पिसवा तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य पिसवा याच जातीच्या निघाल्या. ही पिसू उंदीर मिळेनासा झाला की माणसाला खुशाल चावते. राणीच्या बागेतील गिनिपिग प्लेगने मेले, त्यांच्या अंगावरही तीच सापडली. एका चाळीत लिस्टन यांनी साथीचा क्रम दिवसागणिक टिपला : प्रथम उंदीर पडले; मग पडण्याचे थांबले; त्यानंतर खोल्यांतून पिसवांचा असा सुळसुळाट झाला की बिऱ्हाडे ओसरीवर निजू लागली; आणि मग थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडली. तेथे माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांपैकी जवळजवळ निम्म्या उंदरांच्या होत्या. एरवी माणसाच्या अंगावर त्या अपवादानेच आढळत.

युरोपातील खंडन अशा रीतीने मुंबईत खंडित झाले. टीका म्हणजे देववाणी नव्हे; तीही एक तर्कच असते आणि तिलाही कसोटी लावावी लागते.

परळचे प्रयोग

१९०५ मध्ये नवे संशोधक मंडळ नेमण्यात आले. लंडनच्या लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन यांच्या मार्गदर्शनाखाली लँब, लिस्टन, पेट्री व रोलंड हे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेत कामास लागले. पहिल्या आयोगाने साक्षीदारांना प्रश्न विचारले होते. या मंडळाने निसर्गाला विचारले.

त्यांनी खास कोठड्या बांधून घेतल्या. पिसवा नसलेल्या कोठडीत रोगी व निरोगी गिनिपिग एकत्र ठेवले. ते एकमेकांना चिकटून राहिले, एकाच जागी खाल्ले, तरी रोग पसरला नाही. पिसवा सोडताच पसरला. मग पिंजऱ्यांचा प्रयोग झाला. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंच उंचीवर, दुसरा दोन फूट उंचीवर. रोग हवेतून येत असेल तर दोन्ही पिंजऱ्यांतील प्राणी मरावयास हवेत. जमिनीच्या स्पर्शातून येत असेल तर दोन्ही वाचावयास हवेत. उंदरावरील पिसू जेमतेम चार-पाच इंच उडी मारते. खालच्या पिंजऱ्यातील प्राण्याला प्लेग झाला. वरचा सुखरूप राहिला. तीन तर्कांपैकी दोन एकाच मांडणीत बाद झाले.

पुढे प्लेगच्या घरांत पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरण्यात आले. त्यावर २४७ पिसवा अडकल्या. त्यांत १४७ माणसांवरील, ८४ उंदरांवरील व १६ मांजरांवरील होत्या. केवळ संख्या पाहणाऱ्याने माणसांवरील पिसूलाच दोषी ठरविले असते. मंडळाने त्या फाडून तपासल्या. उंदरांवरील ७७ पैकी २३ पिसवांत प्लेगचे जंतू होते. माणसांवरील ८५ पैकी एकीत. मांजरांवरील एकीतही नाही.

घाणीचा जुना तर्कही मंडळाने दुर्लक्षून सोडला नाही. त्याची रीतसर परीक्षा घेतली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू मुद्दाम ओतले असता ती जमीन ४८ तासांहून अधिक काळ घातक राहत नाही, आणि चुन्याची जमीन २४ तासांतच निर्धोक होते, असे आढळले. उकरलेल्या जमिनी, जाळलेल्या गोधड्या, रस्त्यावर काढलेले संसार यांचा हिशेब या दोन आकड्यांपुढे मांडून पाहावा. मुंबई शहरातून एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर, कोठे सापडले त्याच्या नोंदीसह, प्रयोगशाळेत तपासण्यात आले. त्यावरून क्रम स्पष्ट झाला : साथ प्रथम गटारातील तपकिरी उंदरांत, मग सुमारे दहा दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर आणखी दहा-पंधरा दिवसांनी माणसांत. उंदीर पडल्याची वर्दी ही माणूस मेल्याच्या वर्दीइतकीच मोलाची ठरली. माळावर झोपड्या घालणाऱ्या लोकांची रीत का फळत होती, तेही आता कळले. ज्ञान हाती आले म्हणून साथ मात्र ओसरली नाही. १९०७ या एकाच वर्षात देशात बारा-तेरा लाख माणसे प्लेगने मेली.

माणसाचा दोष आणि कामाचा दोष

याच प्रयोगशाळेचे आधीचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांची हकीकत येथे टाळता येत नाही. त्यांनी मुंबईत येऊन काही महिन्यांतच प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. निर्जंतुकीकरणाची पद्धत त्या सुमारास बदललेली असल्यामुळे चौकशीत ठपका परळवर ठेवण्यात आला व हाफकिन पदावरून दूर झाले. बाटली उघडताना टोचणाऱ्याच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरण्यात आला, हा साक्षीतला तपशील बाजूस पडला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुराव्याची पुन्हा छाननी करण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेस त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.

चौकशी म्हणजे गुन्हेगार शोधणे, अशी कल्पना रूढ झाली की खालचा कर्मचारी चूक लपवितो आणि वरचा दुसऱ्यावर ढकलतो. खऱ्या चुकीचा पत्ता अशाने कधीच लागत नाही. मलकोवालचा तो चिमटा पडला नसता तर उत्तम. पण पडल्यावर तो पडला असे निर्भयपणे सांगता येणे हे त्याहून महत्त्वाचे होते.

परळनंतर

परळचा निष्कर्षही जसाच्या तसा राहिलेला नाही. १९१४ साली बॅकॉट व मार्टिन यांनी दाखविले की, प्लेगचे जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढून वाट अडवितात. मग भुकेलेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि तिने ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परत येते. हे स्पष्टीकरण अनेक दशके पुरेसे मानले गेले. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांना काही जातींच्या पिसवा अशी अडवणूक होण्यापूर्वीच रोग पसरवू शकतात असे आढळले.

मांचुरियात १९१०-११ मध्ये जी साथ आली तिने तर मोठाच धडा दिला. फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाकडे श्वासावाटे जातो असे डॉ. वू लिएन-ते सांगत होते व मुखपट्टीचा आग्रह धरीत होते. डॉ. मेनी या अनुभवी फ्रेंच वैद्यांनी ते मानले नाही. उंदीर आणि पिसू हे नवे ज्ञान त्यांना पाठ होते. ते मुखपट्टीवाचून रोग्यांपाशी गेले आणि थोड्याच दिवसांत मरण पावले. काल ज्या तर्काने लाखोंचे प्राण वाचविण्याची वाट दाखविली, तोच तर्क त्याच्या मर्यादेबाहेर ताणला तेव्हा असा घातक ठरला.

उंदीरनाशाच्या मोहिमांचेही तसेच. साथ चालू असताना नुसते उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरील पिसवा भुकेने माणसांकडे वळतात. म्हणून आज पिसवांचा बंदोबस्त आधी वा निदान बरोबरीने करावा आणि उंदरांकडे नंतर वळावे, असा दंडक आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातून प्रथम पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार आली. गाठींच्या तापाचे संशयित रोगी त्यानंतर आढळले. लिस्टन यांनी चाळीत टिपलेला क्रम ज्याच्या वाचनात असेल, त्याला अशी तक्रार क्षुल्लक वाटणार नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिला कोणते स्थान मिळते, हा प्रश्न प्रत्येक सरपंचाने आपापल्या गावापुरता विचारून पाहावा. शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते : वर्गात निष्कर्ष सांगण्यापूर्वी दोन पिंजऱ्यांची आकृती फळ्यावर काढावी आणि कोणत्या तर्कानुसार कोणता प्राणी मरेल, हे मुलांना आधी सांगावयास लावावे. चुकीची उत्तरे येतील. ती खोडू नयेत. फळ्यावर तशीच राहू द्यावीत.

२०१८ मध्ये ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी गणिताच्या आधारे असे मांडले की, चौदाव्या शतकापासून युरोपात आलेल्या काही साथी उंदरांवरील पिसवांपेक्षा माणसांवरील पिसवा व उवा यांनीच पसरविल्या असाव्यात. या मतावर आक्षेप आले आहेत आणि वाद मिटलेला नाही. परळच्या मंडळाने ८५ पिसवांत सापडलेली ती जंतुबाधित एकुलती एक पिसू आपल्या तर्कास गैरसोयीची म्हणून वगळली नव्हती. १९०६ च्या सुमारास केलेली ती नोंद आज दोन्ही पक्षांना उपलब्ध आहे.